शाळकरी म्हणून वगळलेला अल्बम

आज दुपारी ताईकडे जेवणे झाल्यावर माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम लावला होता. घरातल्या एका जाणत्या माणसाने, ज्यांच्या कानावर माझा आजवर विश्वास होता, तिला सांगितले, "हिचे पुढचे सगळे ऐक, हे वगळ, हे फार शाळकरी आहे." भाचीने काही न बोलता गाणे बंद केले. मीही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही.

शाळकरी आहे, कारण लिहिणारी शाळेतच होती! २४ ऑक्टोबर २००६ रोजी तो अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. एका कंट्री गायकाचे नाव असलेले 'टिम मॅग्रॉ' हे गाणे तिला हायस्कूलच्या पहिल्या वर्षी गणिताच्या तासाला सुचले. मित्र कॉलेजसाठी दूर जाणार, मग त्याला आपली आठवण कशाने येईल, हा प्रश्न त्या वेळी तिच्यापुढे खरोखर उभा होता. 'द आउटसाइड' या गाण्यातला एकटेपणा तर बाराव्या वर्षीचा आहे.

मीसुद्धा दहावीत बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एक कविता लिहिली होती. वडिलांची बदली झाल्यामुळे माझी मैत्रीण एसटीने गाव सोडून गेली, त्याच संध्याकाळी. पंचविसाव्या वर्षी मला त्या कवितेची लाज वाटली, म्हणून मी ती सुधारून नव्या वहीत उतरवली आणि जुने पान फाडून टाकले. सुधारलेली कविता आजही माझ्याकडे आहे, पण तिच्यात ती संध्याकाळ नाही.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या संगीत कंपनीने टेलरला तेराव्या वर्षी करारात घेतले होते. पण अठरा वर्षांची होईपर्यंत तिला थांबवून ठेवण्याचा त्यांचा विचार दिसला, तेव्हा चौदाव्या वर्षी ती तिथून बाहेर पडली. जे चालले आहे ते चालू असतानाच ध्वनिमुद्रित व्हावे, अशी तिची घाई होती, आणि एवढ्या लहान वयात तिला हे कळले याचे मला फार अप्रूप वाटते. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर ती लिझ रोझ यांच्याबरोबर लिहायला बसत असे, आणि आपण केवळ संपादकाचे काम केले, असे त्या अनुभवी गीतकार बाईच सांगतात. अकरा गाण्यांपैकी तीन तर तिने एकटीने लिहिली. त्यांतले 'आवर साँग' नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी लिहिलेले. आईला कळू नये म्हणून रात्री फोनवर हळू बोलण्याबद्दलचे हे गाणे अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. म्हणजे मोठ्या माणसांनीही ते ऐकलेच ना?

यमके सोपी आहेत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार थोडे ओढूनताणून आणलेले आहेत, हे मान्य. वडील शेअर दलाल होते, त्यांना सगळे घर पेनसिल्व्हेनियातून टेनेसीत हलवणे परवडले, हेही मान्य. पण ऐपत असलेल्या घरांतल्या किती मुलींना आपण वहीच्या मागच्या पानावर निर्धास्त लिहू देतो?

तिच्या 'इराज टूर' या गाण्यांच्या दौऱ्यातही या अल्बमला स्वतंत्र भाग नव्हता. त्यातली गाणी फक्त अधूनमधून, अचानक म्हटली जात. याचे मला वाईट वाटले होते. पुढे ३० मे २०२५ रोजी तिने आपल्या पहिल्या सहा अल्बमांची, तोवर दुसऱ्यांच्या मालकीची असलेली मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतल्याचे सांगितले आणि हा पहिला अल्बम आपण नव्याने पूर्ण गाऊन ठेवला आहे, हेही कळवले. तो प्रसिद्ध झाला तर मी जरूर ऐकेन, कदाचित तो अधिक सुरेलही असेल. तरीही सोळाव्या वर्षीचा तो किंचित पातळ आवाज तिने परत मिळवला, याचाच मला जास्त आनंद आहे, कारण मी माझे पान परत मिळवू शकत नाही.

दुपारचा राग आता बराच निवळला आहे. भाचीला मी निरोप पाठवला की गाणे पुन्हा लाव आणि वहीत काही लिहिले असशील तर ते खोडू नकोस. तिचे लगेच उत्तर आले, "मावशी, तुला कसे कळले?"

मला कळले नव्हते. मी दुपारपासून फक्त हे आठवण्याचा प्रयत्न करते आहे, की माझ्या त्या कवितेची दुसरी ओळ एसटीमागे उडालेल्या धुळीबद्दल होती, की खिडकीतून बाहेर आलेल्या तिच्या हाताबद्दल.