आईच्या कपाळावरचं गोंदण

रविवारी कृष्णाघाटावर भडंगाचा पुडा सुटला आणि बाळूनं विषय काढला. आदल्या रात्री त्यानं पोरीला १९५३ चा 'श्यामची आई' मोबाईलवर लावून दिला होता. पोरगी दहा मिनिटांत उठून गेली.

"उठंल नाहीतर काय! सगळी खरखर, आवाज चिरका. एकदा धुऊनपुसून, रंग भरून आणा की राव. 'मुघल-ए-आझम' नाही का २००४ ला रंगीत करून थेटरात लावला?"

"तू बघितलास ती झिजलेली प्रत," सर म्हणाले. सर चित्रकलेचे, रिटायर झालेत, पण फळा सुटलेला नाही. "त्यात काळ्या-पांढऱ्याचा काय दोष? आधी मूळ निगेटिव्ह शोधायची. ती नसेल तर हाती लागेल ती सगळ्यात चांगली प्रत. फाटलेलं सांधायचं, धुवायचं, मग एकेक चौकट स्कॅन करायची. सेकंदाला २४, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला २ लाख १६ हजार चौकटी! ओरखडे काढायचे, पण फिल्मचा पोत ठेवायचा. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळली. इटलीत बोलोन्यातल्या लोकांनी ती हातानं सांधली, २०१५ ला सिनेमा पुन्हा पडद्यावर आला. रंग नाही भरला कुणी."

"पण सर, पोरं बघणार कशी?"

इथं मला राहवलं नाही. तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई त्याच्यासाठी लुगडं पसरते, ते बघायला रंग कशाला लागतो? आणि ती आई लाड करून थांबत नाही. पायाला जपतोस तसं मनालाही जप, हेही तिथंच सुनावते. आईचं काम केलेल्या वनमालाबाईंचा तो चेहरा मोठ्या पडद्यावर, नीट आवाजात बघायला मिळाला पाहिजे. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला अत्र्यांचा सिनेमा आपण पोरांना तळहाताएवढ्या काचेवर दाखवतो आणि वर पोरांनाच नावं ठेवतो. २०२३ ला याच गोष्टीवर नवा सिनेमा आला, तोही कृष्णधवलच होता की!

बाळू काही बोलणार, तोवर अण्णा बोलले. एरवी ते नुसतं ऐकतात.

"२०१९ च्या पुरात आमचे अल्बम गेले. गावभागातलं घर, माळ्यापर्यंत पाणी. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं की चेहराच निघून यायचा. आईचा एक वाचला. एका स्टुडिओत दिला नीट करायला. त्यानं चिखलाचे डाग काढले, गालावरच्या सुरकुत्या काढल्या, कपाळावरचं गोंदणही काढलं. डाग वाटला असंल त्याला. फोटो झकास झाला, सगळे म्हणाले. मी रोज हार घालतो. पण बाळू, दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला घालतोय असं वाटतं बघ."

भडंग तसंच राहिलं. पुलावरून एक एसटी गेली.

"मूळचा फोटो टाकलासा का?" बाळूनं विचारलं. त्याचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे.

"छे. जुन्या वहीत दाबून ठेवलाय."

"उद्या दुकानात घेऊन या. चिखल तेवढा काढतो. गोंदणाला हात लावणार नाही."