शेकाप फुटला म्हणता, पण फुटलेला माणूस गेला कुठं ते बघा

"डाव्यांनी आता तरी एकत्र यायला पाहिजे" हे वाक्य मी लग्न होऊन पुण्यात आल्यापासून ऐकतेय. नवी पेठ, पर्वती पायथा, डेक्कन, हॉल बदलतो, बॅनर बदलतो, वाक्य तेच. समोर बसलेले पण तेच, निम्मे रिटायर्ड प्राध्यापक, थोडे युनियनवाले आणि शेवटच्या रांगेत स्पर्धा परीक्षेची दोन-चार पोरं जी बहुतेक चहासाठी थांबलेली असतात. मला चेष्टा नाही करायची, मी पण जाते. पण तिथं फुटीबद्दल असं बोलतात जसं काय ते तंबाखूचं व्यसन आहे, सोडलं की तब्येत सुधारली. कोण फुटलं, कशावरून फुटलं, फुटून कुठं जाऊन बसलं, हे कुणी विचारतच नाही.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं, त्यामुळे घरात शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, जन्मापासून. मी त्याच्याबद्दलच बोलणार, माकप-भाकप या कम्युनिस्ट पक्षांचं त्यांचे त्यांचे लोक बघतील.

पुण्यात शेकाप म्हटलं की लोकांना रायगडचा नाहीतर सोलापूरकडचा कुठला तरी जुना पक्ष वाटतो. अहो, पक्ष तुमचाच आहे. केशवराव जेधे शुक्रवार पेठेतले, जेधे मॅन्शनचे. स्वारगेटला ज्या चौकात तुम्ही सिग्नलला शिव्या घालत उभे असता तो जेधे चौक, वरचा उड्डाणपूल पण त्यांच्याच नावाचा, आणि आमची सांगोल्याची एसटी पण तिथूनच सुटते. काँग्रेसमध्ये शेतकऱ्या-कामकऱ्याला जागा उरली नाही म्हणून १९४७ साली आळंदीला जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळी जमली, आधी काँग्रेसच्या आतच संघ काढला, मग बाहेर पडून पक्ष. १९५० ला नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तोच तो दाभाडी प्रबंध, आणि त्यामागचं मोठं डोकं शंकरराव मोरेंचं.

आता गंमत बघा. प्रबंधाची शाई वाळायच्या आत भांडण सुरू. नवजीवन संघटना या मार्क्सवादी गटाकडून आलेले लोक, दत्ता देशमुख वगैरे, त्यांना पक्ष पुरेसा डावा वाटेना, ते बाहेर पडले, कामगार किसान पक्ष काढला, पुढं त्याच धाग्यातून लाल निशाण पक्ष. आणि ज्यांनी पक्ष काढला ते जेधे-मोरेच काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत! मग भाषावार प्रांताचा प्रश्न पेटला, जेधे पुन्हा काँग्रेसबाहेर आले, ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यातच त्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. १९५७ ला पुण्यातून नानासाहेब गोरे काकासाहेब गाडगीळांना पाडून लोकसभेत गेले आणि जेधे शेकापकडून निवडून आले, कुठून, तर बारामतीतून. होय, बारामतीतून, आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आणि पुढच्याच निवडणुकीत, १९६२ ला, पुण्याची सीट काँग्रेसने परत घेतली तेव्हा काँग्रेसचा उमेदवार कोण होता? शंकरराव मोरे. दाभाडीवाले.

आमचे एक ज्येष्ठ मित्र आहेत, त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांच्याशी यावर माझं नेहमी वाजतं. सर म्हणतात, बघ, ५७ ला एकी होती म्हणून जिंकले. मी म्हणते सर, समितीत एसेम जोशी, डांगे, अत्रे, जेधे, यातल्या किती जणांचा एकमेकांवर विश्वास होता? मुंबईसकट महाराष्ट्र पाहिजे हा एकच मुद्दा होता, तो रस्त्यावरच्या माणसाचा मुद्दा होता आणि त्याच्यासाठी माणसं मेली होती. १ मे १९६० झाला, राज्य मिळालं, आणि प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर. मग यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं आणि शेकापची ग्रामीण फळी, यशवंतराव मोहितेंसारखी माणसं, काँग्रेसमध्ये ओढून नेली. ते काय भुलले असं नाही, काँग्रेसकडे साखर कारखाने होते, जिल्हा परिषदा होत्या, शेकापकडे प्रबंध होता.

मग एवढं सगळं होऊन सांगोल्यात पक्ष राहिला कसा?

गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि ११ वेळा आमदार झाले. पुण्याचे पत्रकार दर वेळी त्यांच्या साधेपणावर लिहायचे, एसटीनं फिरतात, हे नाही ते नाही. खरं आहे सगळं, पण नुसत्या साधेपणावर कोण ११ वेळा निवडून देतं हो? आमच्या चुलत्यांची अख्खी नोकरी सूतगिरणीत गेली, ती सूतगिरणी आबासाहेबांनी उभी केलेली, दुष्काळी तालुक्यात, जिथं कापूस नाही आणि पाणी पण नाही. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी आटपाडीला पाणी परिषदा व्हायच्या, स्टेजवर नागनाथअण्णा नायकवडी, एन. डी. पाटील सर, आबासाहेब, आणि खाली तेरा दुष्काळी तालुक्यांतनं आलेली माणसं, निवडणूक असो नसो. आज सांगोल्याचं डाळिंब तुम्ही मार्केट यार्डातनं घेता ना, त्याच्यामागं हे पाण्याचं भांडण आहे. आणि आबासाहेब हरले पण आहेत, १९७२ ला हरले, १९९५ ला तर अवघ्या १९२ मतांनी हरले, पण माणूस पक्षात आणि तालुक्यातच राहिला, त्यामुळे ज्यांनी मत दिलं नव्हतं ते पण कामाला त्यांच्याकडंच जायचे. माझे वडील म्हणायचे, आमदार कोणी का असेना, अर्ज आबासाहेबांकडंच.

२०१९ ला ते वयामुळे थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून, तेच ते गुवाहाटीच्या झाडी-डोंगरानं अख्ख्या देशाला माहीत झालेले. २०२१ ला आबासाहेब गेले. तेव्हा आमच्या घरात पण बोलणं झालं की संपलं आता. त्यात २०२४ ला दोन नातवांपैकी उभं कुणी राहायचं यावरून तालुकाभर कुजबुज, आणि महाविकास आघाडीत असून ठाकरेंच्या सेनेनं तिथं स्वतःचा उमेदवार दिला. तरी दुसरे नातू बाबासाहेब देशमुख २५ हजारांच्या वर लीड घेऊन आले. भांडण झालं होतं की, पण ते घरातच राहिलं, त्यासाठी उठून कुणी दुसऱ्या पक्षाच्या दारात गेलं नाही.

रायगडचं उलटं झालं, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं कारण काम तिथलं मोठं. चरीचा संप तिकडचा, १९३३ पासून पाच-सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, विरोधात शेतं पडीक ठेवली, नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून. दि. बा. पाटील तिकडचे, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या आंदोलनात १९८४ ला जासईला गोळीबार झाला, शेतकरी मेले, आणि त्यातनं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व निघालं. देशात किती डाव्या पक्षांनी विस्थापितांना असं काही मिळवून दिलंय, सांगा. पण नंतर जमिनीला सोन्याचा भाव आला, बंदर आलं, विमानतळ आला, आणि गावोगावचा कार्यकर्ता भरावाच्या ठेक्यात गेला. खुद्द दि. बा. शेवटी शिवसेनेत गेले. रामशेठ ठाकूर शेकापकडून दोनदा खासदार झाले, मग काँग्रेस, आणि आज त्यांचे चिरंजीव पनवेलला भाजपचे आमदार. कर्नाळा बँक बुडाली, ठेवीदार बोंबलत बसले, आणि पक्षाच्या माजी आमदाराला २०२१ ला ईडीनं अटक केली. आता तुम्ही पनवेलच्या ठेवीदाराला जाऊन सांगा की डाव्यांची एकजूट महत्त्वाची आहे म्हणून. सांगा जाऊन.

अलिबागला तर पक्ष म्हणजे एक घर. जयंतभाई पाटील पक्षाचे सरचिटणीस, बहीण मीनाक्षीताई आमदार होत्या, भाऊ पंडितशेठ आमदार होते, २०२४ ला सूनबाई चित्रलेखाताई उमेदवार. घराणं सगळ्याच पक्षांत आहे म्हणा, आमच्या सांगोल्यात पण नातूच आहे, मी काय सोवळ्यात बसून बोलत नाहीये. पण घरात तिकिटावरून बिनसलं की अख्ख्या जिल्ह्याचा पक्ष चिरतो, आणि झालं तेच. चित्रलेखाताई पडल्या, आणि एप्रिल २०२५ ला पंडितशेठ भाजपमध्ये गेले. भाजपमध्ये! ५० च्या दशकात लोक निदान मार्क्सवादावरून भांडून गेले, पुस्तिका काढल्या, एकमेकांना संधिसाधू म्हणाले. आता प्रवेशाचा फोटो येतो व्हॉट्सॲपवर, गळ्यात उपरणं, खाली दोन ओळी विकासाबद्दल.

फूट-फूट म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की या दोन फुटींची जात एक नाहीये. दत्ता देशमुख गेले तरी ते शेतमजुराकडंच गेले, पक्ष लहान झाला पण ते राजकारण चालू राहिलं. पंडितशेठ गेले त्यातनं कुठलं राजकारण चालू राहणार?

आणि मित्रपक्षांचं काय सांगावं. जुलै २०२४ ला विधान परिषदेला जयंतभाई उभे होते, आघाडीच्या जिवावर, आघाडीच्या एका पक्षाची मतं फुटली आणि भाई १२ मतांवर पडले. चार महिन्यांनी उरणला शेकापचे प्रीतम म्हात्रे भाजपकडून साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरले, आणि ठाकरेंच्या सेनेच्या उमेदवारानं तिथं त्याच्या कितीतरी पट मतं घेतली. सोलापूर शहर मध्यमध्ये माकपच्या आडम मास्तरांचं तेच, लोकसभेला मास्तर काँग्रेसच्या प्रणितीताई शिंदेंसाठी फिरले, विधानसभेला काँग्रेसनं त्यांच्यासमोर उमेदवार दिला. इथं सर म्हणतात मित्रांनी दगा दिला. दिलाच. पण सर, सीट मागताना ताकद दाखवावी लागते, आणि डहाणूला माकपची किसान सभा आहे म्हणून ती सीट त्यांना गपगुमान सोडतात. २०१८ ला नाशिकवरनं मुंबईला चालत गेलेला लाल मोर्चा आख्ख्या देशानं बघितला, तरी पुढच्या वर्षी माकपचा एकच आमदार आला, डहाणूचाच.

सांगोल्याचं पण सगळं गोड आहे असं नाही. नगरपरिषदेला तिथं शेकाप शहाजीबापूंना अडवायला भाजपच्या बरोबर गेला. माझ्या भावाचं म्हणणं, अगं लोकल राजकारण असतंय, तुला पुण्यात बसून कळायचं नाही. असेल. पण ज्या मतदारानं २०२४ ला सत्तेच्या विरोधात म्हणून मत दिलं त्याला हे लोकल-ग्लोबल कोण समजावणार? रायगडमध्ये पण सुरुवात अशीच कुठल्या तरी लोकल गोष्टीनं झाली असणार.

आता २०२९ च्या विधानसभेचं माझं गणित, पटलं तर बघा. सांगोला निम्मं-निम्मं, पाण्याच्या प्रश्नावर परत रस्त्यावर आले तर येईल, भाजपचं बोट धरून बसले तर भाजपच ती सीट स्वतः मागेल. पनवेल नाही. उरण नाही. नांदेडकडचं लोहा २०१९ ला आलं होतं, पण ते त्या उमेदवाराच्या ताकदीवर, पक्षाचं तिथं काही नव्हतं. पुण्यात शून्य, जेध्यांच्या पुण्यात वॉर्डात उभा करायला माणूस नाही. अलिबागला पाटलांच्या घराबाहेरची, चरी-पोयनाडकडची एखादी पोरगी आत्तापासून उभी केली तर ती २०२९ ला पडेल, पण पाच वर्षं गावं फिरेल आणि २०३४ ला लढत देईल. भाई हे करतील असं मला वाटत नाही.