साहेब रजेवर आहेत

"कोणाला भेटायचंय?"

काल सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मला हे विचारलं आमच्या गेटवरच्या मामांनी. बीकेसीतल्या या काचेच्या इमारतीत मी तेरा वर्षं नोकरी करतोय आणि मामा तिच्या दारावर नऊ वर्षं उभे आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या डब्यातली शेवग्याची आमटी बॅग तपासायच्या मशीनमध्ये सांडली, तेव्हा फडकं आणून पुसणारे मामाच. तेव्हापासून दर सोमवारी "आज आमटी न्हाय ना?" असं विचारून मगच ते बॅग पट्ट्यावर ठेवू देतात. काल आमटीचं विचारलंच नाही.

झालं होतं एवढंच, की कार्ड लावलं आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. परत लावलं, परत लाल. मग शर्टाला पुसून लावलं. कार्ड पुसून काही होत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण मागे रांग असली की माणसाला काहीतरी केल्यासारखं दाखवावं लागतं.

कारण उघड होतं. दोन आठवडे मी सक्तीच्या रजेवर होतो.

सक्तीची रजा म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. डोंबिवलीला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "किती रकमेचं होतं गं?" तसं काही नाही. बँकेत नाजूक जागी बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस घरी बसवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; जुलै २०२१ मध्ये तो नव्याने बजावलाय. तेवढे दिवस कामाच्या कुठल्याही सिस्टिमला हात लावायचा नाही, ऑफिसात फिरकायचं नाही. ईमेल तेवढा चालतो. आपण खुर्चीतून उठलो, की खुर्चीखाली जे दडवलं असेल ते दिसतं, असा त्यामागचा हिशोब.

हिशोब चुकीचा नाही. सिंगापूरला बसलेल्या निक लीसनने ८८८८८ नंबरच्या खात्यात तोटा दडवत दडवत १९९५ साली बेअरिंग्ज बँक बुडवली. १७६२ सालची बँक, शेवटी १ पौंडाला विकली गेली. फ्रान्समध्ये जेरोम केर्व्हिएल म्हणून एक होता, त्याने २००८ साली आपल्या बँकेला ४.९ अब्ज युरोंचा खड्डा दाखवला. आदल्या वर्षी त्याने जेमतेम चार दिवस रजा घेतली होती म्हणे. फ्रान्समध्ये राहून चार दिवस! तिथेच कोणालातरी संशय यायला हवा होता.

पण मी ना लीसन ना केर्व्हिएल. मी बँकेच्या ट्रेझरीच्या, म्हणजे बँकेचे स्वतःचे पैशांचे सौदे करणाऱ्या खात्याच्या, बॅक ऑफिसात बसतो. पुढे बसलेली मुलं सौदे करतात, मागे बसलेला मी त्यांचे आकडे जुळवतो. दिवसाला शेकडो कोटी माझ्या डोळ्यांखालून जातात आणि संध्याकाळी कुर्ल्याला सुट्टे नाहीत म्हणून मी शेअर रिक्षावाल्याच्या शिव्या खातो.

त्यात यंदा गणपतीला कुडाळला जायचं म्हणून मी जूनमध्येच रजा मागितली होती. बॉस म्हणाले, "या क्वार्टरला बँडविड्थ नाहीये रे." ठीक. मग गणपतीला बारा दिवस राहिलेले असताना शुक्रवारी संध्याकाळी सहाला ईमेल: सोमवारपासून येऊ नका, लॅपटॉप जमा करून जा. कोकण रेल्वेच्या गणपतीच्या गाड्या दोन महिने आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या भरतात. बायको म्हणाली, "आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?" म्हटलं, आधी सांगायचं नाही हाच तर नियम आहे. ती म्हणाली, "मग जूनमध्ये नसलेली बँडविड्थ आता कुठून उगवली?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. गावच्या गणपतीची आरती आम्ही डोंबिवलीतून व्हिडिओ कॉलवर केली. आम्ही दुसऱ्या कडव्यात, गाव पहिल्यात.

तर मामा.

"मामा, अहो मी!"

"तुम्ही हो. पण भेटायचंय कोणाला?"

"कोणाला म्हणजे? कामावर आलोय."

"कार्ड चालत न्हाय ना. कार्ड न्हाय म्हंजे व्हिजिटर. आन व्हिजिटर म्हंजे कोणाला तरी भेटायलाच आलेला असतोय."

यात खोट काढायला जागा नव्हती. मामा माण तालुक्यातले, बोलणं तिथल्या जमिनीसारखं, पाणी कमी. त्यांनी मला शांतपणे बाजूला घेतलं आणि टॅब उघडला. गेल्या वर्षीपर्यंत इथे एक जाडजूड रजिस्टर होतं. दोऱ्याने बांधलेलं पेन, पहिल्या ओळीत कोणीतरी 'ऑफिशियल' लिहिलेलं आणि खाली पानभर सगळ्यांची दोन-दोन टिंबं. त्या टिंबांवर मी आत गेलो असतो. टॅबला टिंबं चालत नाहीत.

"नाव?"

सांगितलं. स्पेलिंग त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरून उतरवून घेतलं, एका बोटाने. म्हणजे जे कार्ड दाराला पटत नव्हतं, तेच टॅबला चालत होतं.

"कंपनी?"

"मामा, आता कंपनी काय सांगू?"

"टाकावीच लागती. लाल फुली हाय तिथं."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला दोन-दोन फुटांच्या पितळी अक्षरांत कंपनीचं नाव होतं. मी बोट केलं. त्यांनी मान वर करून, पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाचलं आणि टाइप केलं.

"काम? ऑफिशियल का पर्सनल?"

घराच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो. त्या हिशोबाने तेरा वर्षं मी इथे पर्सनल कामासाठीच येतोय. पण म्हटलं, ऑफिशियल.

"आन भेटायचं कोणाला?"

मागे रांग वाढत होती. माझा तोल गेला. "मलाच!" मी म्हणालो. "मलाच भेटायचंय. लिहा."

वाटलं, मामा हसतील आणि सुटेल गाठ. मामांनी लिहिलं. टॅबने माझं नाव शोधलं, फोटोसकट. फोटो रुजू झालो तेव्हाचा, भरपूर केसांचा. मामांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"हे का?"

"हेच."

"हे साहेब रजेवर हायेत."

एखाद्याला तो रजेवर असल्याची बातमी त्याच्याच तोंडावर इतक्या हळुवारपणे कोणी दिली नसेल. मला त्या साहेबांचा क्षणभर हेवा वाटला.

"कधी येणार ते?" मी विचारून गेलो.

"उद्या दावतंय."

"उद्या कसं? आज यायचंय त्यांना. आलेत ते. समोर उभे आहेत!"

"त्ये कळतंय ओ मला, मी काय आंधळा हाय का? पण पाव्हणा आला की त्याचा ओटीपी साहेबांच्या फोनवर जातो. साहेब रजेवर असले की जात न्हाय. आन गेला असता तरी उपेग न्हाय. पाव्हणा आन साहेब एकच माणूस सिस्टिम घेत न्हाय. एकानं यायचं आन दुसऱ्यानं पास करायचं."

यावर मी गप्प झालो. कारण हे वाक्य माझं आहे. दर जुलैत नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना हेच शिकवतो: मेकर वेगळा, चेकर वेगळा. एकाने एंट्री मारायची, दुसऱ्याने पास करायची. दोन्ही एकानेच केलं तर तो घोटाळा. दोघांनी मिळून चूक केली तर ती प्रोसेस. मामांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी आमच्या निम्म्या टीमपेक्षा त्यांना ते नीट कळलेलं होतं.

"बसा तिकडं," मामा म्हणाले.

तेरा वर्षांत मी त्या लॉबीतल्या सोफ्यावर कधी बसलो नव्हतो. दिसतो भारी, बसलं की गुडघे हनुवटीपर्यंत येतात. व्हिजिटरला ताठ बसता येऊ नये अशीच त्याची रचना असावी. मांडीवर डबा घेऊन मी तिथून आमचं ऑफिस आत जाताना बघत होतो. टिंग, हिरवा. टिंग, हिरवा. "अरे, आलास का?" टिंग. माझ्या टीममधला जुलैत लागलेला मुलगा "वेलकम बॅक सर" म्हणाला आणि टिंग करून गेला. दोन आठवडे माझ्या खुर्चीत तोच होता. आकडे रोज जुळले. एकदाही फोन आला नाही.

खरं सांगायचं तर ठसठसत होतं ते हे. माझी सगळी खाती, एंट्र्या, ईमेल दहा दिवस पालथी घातली आणि साधी पाच रुपयांची अफरातफर सापडली नाही. सापडावी अशी इच्छा नव्हतीच, पण तेरा वर्षांत आपण इतकं काहीच केलं नाही? आणि काहीच अडलं नाही? टाउनहॉलला, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या सभेला, व्यासपीठावरून 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणतात. मार्चमध्ये हेच कुटुंब रेटिंगच्या बेल कर्व्हवर, म्हणजे मधे गर्दी आणि कडेला थोडे अशा रांगेत, बसवतात आणि कडेच्या दोन-चार नातेवाइकांना हळूच खाली ढकलतात. आमच्या घरात वाद होतात, पण आईने कधी आम्हा भावंडांना रेटिंग दिलं नाही. दिलं असतं तर मी 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'मध्येच राहिलो असतो, ते सोडा. आणि मामांचं म्हणाल तर ते या कुटुंबात नाहीतच. ते एजन्सीचे. नऊ वर्षांत तीन एजन्सी बदलल्या. माणूस तोच, दार तेच, बारा तासांची ड्युटी तीच, फक्त बाहीवरचा बिल्ला नवीन. कागदोपत्री मामा एप्रिलमध्ये लागलेत.

एचआरच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रारीचा नंबर मिळाला, माझ्या मोबाइल नंबरपेक्षा लांब. शेवटी पावणेदहाला बॉसचाच फोन आला.

"तू खाली काय करतोयस?"

"वर यायचा प्रयत्न."

"अरे पण तू रजेवर आहेस."

"संपली सर. सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे. पाच दुणे दहा."

"आणि मधला बुधवार?"

मधल्या बुधवारी गणपती होते. बँकेला सुट्टी. सुट्टी म्हणजे कामाचा दिवस नाही. मी सोफ्यावर बसून बोटं मोजली. नऊ. परत मोजली. नऊच. तेरा वर्षं दुसऱ्यांचे आकडे जुळवणारा माणूस स्वतःच्या रजेत एक दिवस चुकला होता.

"कार्ड किती वेळा लावलंस?" बॉसचा आवाज एकदम ऑडिटरसारखा झाला.

"तीनदा."

"म्हणजे तीन एंट्र्या. सक्तीच्या रजेत प्रवेशाचा प्रयत्न. रिस्कवाले विचारणार आता. तुला ईमेल चालतो ना? आजच एक एक्सप्लनेशन टाक."

म्हणजे दहा दिवस झाडाझडती करून त्यांना जे मिळालं नव्हतं, ते शेवटच्या दिवशी मीच डबा घेऊन आणून दिलं.

निघालो. दारापर्यंत पोचतो तोच मागून हाक आली, "ओ साहेब, थांबा! तुमची एंट्री बंद करायची ऱ्हायली."

"मामा, मी आत गेलोच नाही."

"गेला न्हाय, पण आलावता ना? आलेला माणूस बाहेर काढावा लागतोय. न्हायतर रातच्याला सिस्टिम म्हंती एक माणूस आत हाय." त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. "कारण इचारतंय. काय टाकू?"

"टाका काहीही."

मामांनी थोडा विचार केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर तोंडाने म्हणत टाइप केलं: "साहेब भेटले नाहीत."

मग टॅब बंद केला, माझ्या बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले, "आज आमटी हाय का?"