आधी शॉट मोजा, मग नजर शोधा
एका इंडी रॉक गाण्याच्या व्हिडिओवरच्या लेखात त्याला थेट चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वीची 'पुरुषी नजर' लावली आहे, म्हणजे कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो ही कल्पना. जरा घाई झाली. मल्वीचा १९७५चा निबंध कथापटाबद्दल आहे. तिथे पात्र बघतं आणि त्याच्या डोळ्यांनी आपण. इथे गायिका सरळ कॅमेऱ्यात बघून गाते, म्हणजे गणितच बदललं. म्युझिक व्हिडिओंचा अभ्यासक अँड्र्यू गुडविन इथे जास्त कामाचा, त्याचा प्रश्न असा: दृश्य शब्दांचं चित्रण करतं, त्यात भर घालतं की फटकून वागतं?

त्याआधी एकदा आवाज बंद करून बघा, एकदा नुसतं ऐका. मग शॉट मोजा. ४ मिनिटांत ९६ शॉट म्हणजे सरासरी अडीच सेकंद, पण ही सरासरी फसवते. कडवं आणि ध्रुवपद वेगळं मोजा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, सेकंदाला २४ फ्रेमच्या व्हिडिओत बरोबर १२ फ्रेम. कट सतत ठोक्यानंतरच्या सहाव्या फ्रेमवर पडत असेल तर तो दोन ठोक्यांच्या मधोमध आहे, आणि चुकून नाही.

आणि व्हिडिओचा तो जुन्या फिल्मसारखा दाणेदार, ४:३ (जुन्या टीव्हीसारख्या) चौकटीतला 'प्रामाणिक' पोत! अहो, तो अस्सलपणाचा संकेत आहे, पुरावा नव्हे. सावलीत आणि उजेडात दाणा अगदी एकसारखा दिसला, तर बहुधा संकलनात चढवलेला.