‘महागडी ट्यूब गळ्यात मारली’ या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल माफ करा. दुकानात गर्दी होती, पण ते काही कारण नव्हे. चुकलंच.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय की बोटीतल्या फटी बुजवायला २२० रुपयांचं साधं सिलिकॉन मागितलं, तर मी नफ्यासाठी ९८० ची पॉलीयुरेथेनची ट्यूब गळ्यात मारली, दोन तासांत सुकेल म्हटलं, आणि पहिल्याच पावसात केबिनच्या खिडकीतून पाणी आलं. म्हणून एक तारा. तारा द्या, तो तुमचा हक्क. ‘गळ्यात मारली’ मात्र लागलं. पणजीसमोरच्या बेतीत हे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. मालिम जेटीवरचे ट्रॉलरवाले पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत उधारीवर माल नेतात आणि मासळी सुरू झाली की स्वतः पैसे आणून देतात. मी असा माल खपवत असतो, तर ही माणसं दुसऱ्या वर्षी पायरी चढली असती का?

तुम्ही आलात २९ जुलैला. ३१ ला बंदी संपायची, म्हणजे अख्ख्या मालिमला त्याच दोन दिवसांत सगळं हवं होतं. तरी मी तुम्हाला विचारलं, कुठे लावायचंय? तुम्ही म्हणालात, डेकवर, रेलिंगच्या बुडाशी. म्हणून पॉलीयुरेथेन दिली. रेलिंगला माणसं धरून उभी राहतात, बोट धक्क्याला आपटते, ते बूड सतत हलतं. सिलिकॉनची पकड तिथे टिकत नाही. त्यातून व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं असेल, तर ते धातूलाही खातं. खरवडून काढलं तरी त्याचा न दिसणारा थर मागे राहतो आणि त्यावर ना रंग बसत, ना दुसरं काही चिकटत. तुम्ही म्हणता, पाण्याच्या वरचं काम, त्याला महाग माल कशाला. अहो, पाऊस वरच पडतो ना! आणि बोल्टच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं की फायबरच्या आतलं प्लायवूड कुजतं. ते बदलायला काय लागतं, ते कुठल्याही बोट दुरुस्त करणाऱ्याला विचारा.

खिडकीचा विषय तुम्ही जाता जाता काढलात. खिडकी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची. तिला ही ट्यूब नको, व्हिनेगरचा वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन वेगळं घ्या, असं मी म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. तिथे मी स्वतः सिलिकॉनच देतो, आणि ते स्वस्त पडतं. नफाच बघायचा असता तर दोन्ही नळ्या बिलात घातल्या नसत्या? तुम्ही ‘बघतो’ म्हणालात. गर्दीत नीट ऐकू गेलं नसेल, तर तेही शक्य आहे.

आणि दोन तासांचं. दोन तासांत वर साय धरते, एवढंच मी बोललो. साय धरली म्हणजे आतून सुकली नव्हे. ही ट्यूब हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, जाड थराला आठवडासुद्धा लागतो. त्यामुळे पावसाळी हवा तिला चालते, पण लावायची जागा कोरडी हवी. तुमच्याच फोटोत खिडकीच्या कडेला जुनं सिलिकॉन तसंच दिसतंय आणि शेजारी स्पिरिटची बाटली आहे. ओल्या पॉलीयुरेथेनवर स्पिरिट फिरवलं की ती चिकट राहते, नीट सुकत नाही. हे मी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, कबूल.

फोडलेली ट्यूब परत घेतली नाही, हेही लिहिलंत. टोक कापल्यावर ती काही दिवसांत आतल्या आत कडक होते. मी ती कुणाला विकू?

यापुढे काउंटरवरच्या पोराला सांगून बिलामागे चार सूचना लिहून देऊ, जमेल तसं. तुम्ही मात्र एकदा या. खिडकीची चौकट सोडवून आणलीत तर जुनं कसं काढायचं ते दाखवतो आणि न्यूट्रल सिलिकॉन खरेदीच्या भावात देतो. अभिप्राय काढा असं म्हणत नाही. ‘गळ्यात मारली’ हे दोन शब्द तेवढे बदलता आले तर बघा. रविवारी दुकान दुपारी १ पर्यंत उघडं असतं. फेरीबोटीने पणजीहून येणार असाल तर जरा आधी निघा.