सहा जणींची गादी

सध्या माझा एका शब्दावर राग आहे. गादी. साधा, झोपाळू शब्द आहे, पण काल त्याने मला भर वर्कशॉपमध्ये जे तोंडावर पाडलंय ते मी इतक्यात विसरणार नाही.

मागचं थोडक्यात सांगते. परसात सहा कोंबड्या आहेत आणि एक खुराडं आहे. खुराड्याच्या जमिनीवर काहीतरी कोरडं अंथरावं लागतं, त्याला पोल्ट्रीवाले लिटर म्हणतात आणि मराठीत माहिती शोधायला गेलं की तिथे 'गादी' म्हणतात. गादी पद्धत, गादीची जाडी, गादी हलवणे, गादी ओली होणे. महिनाभर हेच वाचत होते, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या शब्दाचा दुसरा कुठला अर्थच शिल्लक राहिला नव्हता. हीच चूक.

पिल्लं होती तेव्हा मी रद्दी अंथरली होती. पेपर गुळगुळीत असतो, पिल्लांचे पाय त्यावर सटकतात आणि सटकत राहिले की फाकतात, हे मला एका पिल्लाचे पाय फाकल्यावर कळलं. पट्टी बांधून ते बरंचसं सुधारलं पण ती अजून एका पायाने जरा ओढत चालते. मग सुकं गवत घातलं. दिसायला सुंदर, पण गवत पाणी धरून बसतं, आतून कुबट होतं, बुरशी धरते, आणि त्या बुरशीचे कण कोंबड्यांच्या फुफ्फुसात जाऊन बसतात. शिवाय लांब काड्या गिळल्या तर गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन अडकू शकतात. मग कुणीतरी वाळू सुचवली. वाळूवाल्यांचा एक पंथच असतो, ते मांजराची माती गाळतात तशी रोज वाळू गाळतात आणि बाकीच्यांना अडाणी समजतात. मीही आणली. पण वाळू ओलावा शोषत नाही, तो फक्त खाली जाऊ देते, आणि खाली जायला जागाच नसेल तर पावसाळी हवेत खुराड्याचा समुद्रकिनारा होतो, भरती-ओहोटीसकट.

आणि मग वास. तो ज्याने घेतला नाही त्याला समजावता येत नाही. कोंबडीला मूत्राशय नसतं, त्यामुळे एक नंबर दोन नंबर असला भेदभाव तिच्याकडे नाही, सगळं एकाच वाटेने एकत्र येतं. त्या विष्ठेवर जे पांढरं टोपी घातल्यासारखं दिसतं ते युरिक अॅसिड. ते ओलं राहिलं की जंतू त्याचा अमोनिया करतात. हवेत 25 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 25 भाग) वर अमोनिया गेला की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासाला त्रास व्हायला लागतो असं धरतात. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, नाक आहे. सकाळी अंडी सुरू झालीत का ते बघायला वाकले की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्या बिचाऱ्या तर रात्रभर तिथेच होत्या.

तर असं सगळं होऊन मी लाकडाच्या भुशापर्यंत पोचले आणि काल फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेले. आत दोन कारागीर मशीनवर होते आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका होते. हे काका मालक नव्हते. गिऱ्हाईक नव्हते. कामाला तर अजिबातच नव्हते. एक चप्पल पायात, एक खाली, मांडीवर घडी घातलेला पेपर. कुठल्याही कामाच्या ठिकाणी असा एक माणूस खुर्चीसोबत फ्री येत असावा.

मी कारागिराला विचारलं, "भुसा मिळेल का? गादीसाठी हवाय."

कारागीर "एक मिनिट" म्हणाला आणि मशीनकडे वळला. खुर्ची बोलली.

"भुशाची गादी? टोचेल हो ताई."

"नाही टोचत. जाड थर द्यायचा. चार-सहा इंच."

"हां, मग ठीक. कुणाला मणक्याचा त्रास आहे का घरात?"

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं पूर्ण खुराड्यात होतं. मी म्हटलं, "मणक्याचा नाही, पण एकीचा पाय अधू आहे. लहानपणी रद्दीवर ठेवलं होतं ना, त्यामुळे."

काका जरा हळवे झाले. "अरेरे. परिस्थिती असते एकेकाची. आता किती जण आहात?"

"सहा जणी."

"सहाही मुली!"

"हो, मुद्दामच. नर नकोच म्हटलं, पहाटे ओरडून शेजाऱ्यांना त्रास."

काकांनी पेपर मांडीवरून खाली ठेवला. "आणि सहाही एकाच गादीवर झोपणार?"

"छे, गादीवर नाही झोपत त्या. वर दांडीवर झोपतात. दोन-अडीच फुटांवर बांधलीय, त्यांना उंचावरच सुरक्षित वाटतं."

"दांडीवर."

"हो."

"मग गादी कशाला?"

"रात्रभर खाली पडत असतं ना सगळं."

काकांनी दुसरी चप्पल पायात घातली. नंतर मला वाटलं की ते पळायच्या तयारीत होते. पण धीर करून त्यांनी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत का?"

"त्यात काय दाखवायचं? नॉर्मलच आहे. पाच महिन्यांच्या झाल्यात, आता अंडी द्यायला लागतील."

मशीन बंद झालं. कारागिराने कानातला कापूस काढून विचारलं, "मॅडम, कोंबड्या का?"

पुढचं लिहायला खरंतर नको वाटतं. काका हसले. हसले म्हणजे खोकला येईपर्यंत, खुर्चीचे पाय फाकेपर्यंत हसले (माझ्या पिल्लाचे फाकले होते अगदी तसे). मग त्यांनी खिशातून फोन काढून कुणालातरी लावला, तोही स्पीकरवर. "अरे ऐक, इथे एक ताई आल्यात, कोंबड्यांना गादी करतायत!" पलीकडून आवाज आला, "उशा किती?" आता मला सांगा, मी त्या पलीकडच्या माणसाला ओळखत नाही, त्याचं तोंड बघितलेलं नाही, आणि त्याला माझ्यावर जोक मारायचा अधिकार मिळाला कारण याच्या फोनला स्पीकर आहे.

मग नेहमीचं. "आम्ही लहानपणी पाळायचो, झाडावर झोपायच्या, झाडाखाली कोण गादी घालतं?" बरोबर आहे काका, झाडाला चार भिंती आणि छप्पर नसतं. उघड्यावर वारा असतो, ऊन असतं, आणि त्या दिवसभर मोकळ्या हिंडतात. बंद खुराड्यात सगळं तिथल्या तिथे साठतं. हे मी म्हटलं नाही. हे मी रात्री झोपताना म्हटलं.

आणि त्यानंतर, "मिस्टरांना पाठवायचं ना, तुम्ही कशाला आलात?" इथे माझं हसू संपलं. आमचे मिस्टर खुराड्यात आजवर एकदाही वाकलेले नाहीत. अंडी सुरू होतील तेव्हा वाकतील, अशी आशा आहे. हेच ते आले असते तर काकांनी त्यांना खुर्ची दिली असती आणि दोघं मिळून व्यवसाय करायच्या गप्पा मारत बसले असते, कारण पुरुषाने गादीची जाडी विचारली की तो पोल्ट्री फार्म असतो, आणि बाईने विचारली की तिला वेळ जात नाही.

असो. मी कारागिराशी बोलायला लागले, कारण खरा प्रश्न वेगळाच होता. भुसा कशाचा? प्लायवूड आणि एमडीएफमध्ये गोंद असतो, त्यात फॉर्मल्डिहाइड असतं. वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड तर त्याहून वाईट, काही जुन्या प्रकारांमध्ये चक्क आर्सेनिक असायचं. आणि सीडरसारख्या फार उग्र वासाच्या लाकडातलं तेलही कोंबड्यांच्या श्वासाला चांगलं नाही. कारागीर प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, इथे सगळं मिक्स आहे. प्लाय, एमडीएफ, जे येईल ते त्याच मशीनखाली."

"बघू, काय वाईट आहे यात," म्हणत काका उठले (उठले! पहिल्यांदा!), ढिगातून मूठभर भुसा घेतला, माझ्यासमोर धरला, "एवढा मऊ! पावडरच!" आणि कौतुकाने त्यावर फुंकर मारली. सात शिंका. मी मोजल्या. नेमकं हेच सांगायचं होतं मला, की इतका बारीक भुसा नको, धूळ होते, लहान पिल्लं तर दाणा समजून खातातही. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पण सातवी शिंक झाल्यावर काका नाक पुसत म्हणाले, "हवेत काहीतरी आहे आज." डोक्यात भुसा भरलाय असं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकून होते.

कारागिराने मधला मार्ग काढला. कोपऱ्यात फक्त सागाच्या फळ्यांवर रंधा मारायचं काम चाललेलं, त्यातून निघतात त्या कुरळ्या साली. त्या ओलावा शोषतात, धूळ कमी करतात, आणि फुगलेल्या राहतात म्हणून हवा खेळती राहते. "उद्या या, पोतं भरून ठेवतो."

येताना रस्ताभर मी त्या शब्दाचाच विचार करत होते. गादी म्हणजे राजाची पण असते. शेठची असते, महाराजांची असते, गादीला वारस लागतो, गादीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. त्या गादीवर बसून कुणी काय घाण केली तरी लोक वाकून नमस्कार करतात. माझ्या सहा जणी निदान रोज सकाळी पायाने उकरून आपली गादी आपणच वरखाली करतात. खरंतर सगळी पद्धतच त्यावर चालते. लाकडात कार्बन भरपूर, विष्ठेत नायट्रोजन भरपूर, दोन्ही मिसळून हवा लागत राहिली की हळूहळू खत होतं. संध्याकाळी थोडे दाणे विखरून टाकले की त्या स्वतःच नांगरणी करतात. मूठभर उचलून दाबायचं: गोळा झाला तर ओलं, नुसती धूळ उडाली तर फार कोरडं, जरासं धरून सुटलं तर झकास. ओलं वाटलं की वरून कोरडं घालायचं. भुसा की साली की तूस, यावर लोक इतकं भांडतात, पण पाण्याचं भांडं सांडत असेल तर काहीही घाला, चिखलच होणार. माझं भांडं सांडतं. ते अजून बदललेलं नाही. ते बदलायचं काम मिस्टरांकडे आहे.

आज पोतं आणायला गेले. काका नव्हते, खुर्ची होती. ती बघूनसुद्धा मला राग आला. कारागिराने पोतं स्कूटरवर ठेवून दिलं, वर म्हणाला, "नाव काकांनी टाकलंय, कुणी दुसऱ्याने नेऊ नये म्हणून." मी घाईत बघितलं नाही. घरी फाटकाशी उतरवलं तेव्हा दिसलं, काळ्या मार्करने, ठळक, सुवाच्य अक्षरात: 'गादी. 6 मुली. 1 पायाने अधू.'

शेजारच्या वहिनी कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दोन जादा पांघरुणं आहेत, पाठवून देऊ का?"