तिकडे आज उद्या आहे

‘तिकडे आता किती वाजले असतील?’ असं सगळे विचारतात. ‘तिकडे आज तारीख किती?’ असं कोणी विचारत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. तासाभराची चूक झाली तर समोरचा माणूस फार तर दात घासत असतो. पुन्हा फोन करता येतो. तारखेची चूक झाली की वाढदिवसाच्या शुभेच्छा शिळ्या पोचतात, हॉटेलची खोली आदल्या रात्रीची निघते आणि अर्जाची मुदत आपण निवांत असताना संपून गेलेली असते. घड्याळाचे काटे निदान हलताना दिसतात. तारीख भिंतीवर गप्प लटकलेली असते, म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही. माझा सगळा संशय तिच्यावरच आहे.

मूळ हिशेब शाळेतला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. ग्रिनिचहून पूर्वेला निघा आणि दर १५ अंशांना घड्याळ तासभर पुढे करा. १८० अंशांवर पोचेपर्यंत ते १२ तास पुढे गेलेलं असतं. पश्चिमेला निघालेला दुसरा माणूसही तिथेच येतो, पण १२ तास मागे. दोघे शेजारी उभे, काटे एकाच जागी, हिशेब दोघांचाही बिनचूक; आणि एक म्हणतो बुधवार, दुसरा म्हणतो मंगळवार. हे भांडण मिटवता येत नाही. मध्ये रेघ ओढून दोघांना वेगळं ठेवता येतं, एवढंच. तीच आंतरराष्ट्रीय वाररेषा. आशियाकडून अमेरिकेकडे जाताना ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे घ्यायची, उलट दिशेने येताना एक दिवस पुढे. परीक्षेत हे हमखास उलटं लिहिलं जातं, कारण पूर्वेकडे जाताना घड्याळ सारखं पुढे करायची सवय लागलेली असते, आणि मग तारीख अचानक मागे घ्यायला हात धजत नाही.

रेघ नव्हती तेव्हाही दिवस हरवायचेच. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलंसुरलं जहाज १५२२च्या जुलैत पृथ्वीप्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून केप व्हर्दे बेटांना लागलं. जहाजावर बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार. मोहिमेची हकीगत लिहिणाऱ्या अँटोनियो पिगाफेट्टाने तर रोजच्या रोज नोंदी ठेवलेल्या, एक दिवस गाळलेला नाही. सूर्यामागोमाग पश्चिमेला जाताना त्यांचा प्रत्येक दिवस २४ तासांहून थोडासा लांबत गेला होता, आणि त्या लांबणीची बेरीज बरोबर एक अख्खा दिवस भरली. रोजनिशी चोख आणि तारीख चूक, असा या गृहस्थाचा छळ झाला. मला त्याच्याबद्दल अपार सहानुभूती आहे.

आता कोणी म्हणेल, १८८४मध्ये वॉशिंग्टनला २५ देश जमून हे सगळं ठरलं ना? ठरलं ते मूळ रेखावृत्त, म्हणजे ग्रिनिचची शून्य अंशाची रेघ. त्यातही एका देशाने विरोध केला आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. वाररेषा त्या परिषदेने आखली नाही आणि पुढेही कुठल्या कराराने आखली गेली नाही. नकाशावर दिसणारी ती वाकडीतिकडी रेघ म्हणजे एकेका देशाने आपापल्या पुरतं जे ठरवलं, त्याचं जोडकाम आहे. तेव्हा तक्रार करायची तर खिडकीच नाही.

आणि खिडकी नसली की जो तो आपल्या सोयीने वागतो. फिलिपिन्सचा व्यवहार स्पेनच्या अमेरिकी वसाहतींमार्फत चाले, म्हणून तारीखही अमेरिकेची. ती बदलायची ठरली तेव्हा ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस त्यांनी सरळ गाळला. सोमवारनंतर थेट बुधवार, १ जानेवारी. अलास्काची तऱ्हा याहून अवघड. १८६७मध्ये रशियाने तो अमेरिकेला विकला, त्या वेळी जुन्या रशियन कॅलेंडरचे १२ दिवस पुढे घ्यायचे होते आणि वाररेषेपायी एक दिवस मागे यायचं होतं. परिणामी शुक्रवार ६ ऑक्टोबरनंतर उजाडला शुक्रवार १८ ऑक्टोबर. दोन शुक्रवार लागोपाठ, आणि मधल्या ११ तारखा गायब!

पण या खेळात प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाचा हात कोणी धरू शकणार नाही. अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी १८९२मध्ये त्यांनी ४ जुलै दोनदा साजरा केला. लीप वर्ष होतं, म्हणजे त्या वर्षाचे दिवस भरले ३६७. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढला. सामोआत शुक्रवार असला की तिकडे शनिवारची सुट्टी, सामोआत रविवार असला की तिकडे सोमवारची कचेरी सुरू. आठवड्याचे दोन दिवस असे वाया. म्हणून २०११मध्ये ३० डिसेंबरचा शुक्रवार त्यांनी वगळला. गुरुवारी रात्री झोपलेला देश शनिवारी उठला. न झालेल्या शुक्रवारचा पगार मात्र नोकरदारांना मिळाला. जगाच्या इतिहासातला हा सर्वांत सुखाचा कामाचा दिवस असावा. शेजारचा अमेरिकन सामोआ होता तिथेच राहिला. आता या दोघांत बरोबर २४ तासांचा फरक आहे. घड्याळात दोन्हीकडे सारखेच वाजतात, फक्त दिवस वेगळा. अशा ठिकाणी ‘किती वाजले?’ विचारून काडीचाही उपयोग नाही.

त्याच महासागरातल्या किरिबाती या देशानेही १९९५ उजाडताना हाच प्रयोग केला, कारण वाररेषा त्या देशाच्या मधोमध जात होती आणि सरकारच्या दोन टोकांना दोन तारखा चालत. त्यांनी रेघच पूर्वेला ढकलली, पार १५० अंश पश्चिम रेखावृत्तापर्यंत. त्यामुळे त्यांची पूर्वेकडची लाइन बेटं आता यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १४ तास पुढे आहेत. त्यांच्या उत्तरेला जवळजवळ त्याच रेखावृत्तावर हवाई आहे, १० तास मागे. सूर्य दोघांच्या डोक्यावर एकाच वेळी येतो, १२ चे टोले एकाच वेळी पडतात आणि तारखेत एका दिवसाचं अंतर.

याचा हिशेब मांडला की मजा येते. घड्याळं उणे १२पासून अधिक १४पर्यंत पसरली आहेत, म्हणजे २६ तास. दिवस २४ तासांचा. तेव्हा सगळ्या जगात एकच तारीख आहे, असा क्षण कधी येतच नाही. कुठलीही तारीख पहिल्या बेटावर जन्मल्यापासून शेवटच्या बेटावर संपेपर्यंत ५० तास जगते. आणि रोज १० ते ११ यूटीसी या तासात, म्हणजे भारतात दुपारी साडेतीन ते साडेचार, माणसं एकाच वेळी तीन तारखांमध्ये वावरत असतात. मंगळवार दुपार असेल तर अमेरिकन सामोआत सोमवारची रात्र सरत असते आणि लाइन बेटांवर बुधवार नुकताच लागलेला असतो. ‘आज’ करायची कामं त्या तासात हाती घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

हिशेब करायचाच तर वाररेषेवरून उडी मारू नये. नेहमी यूटीसीवरून वळसा घालावा. स्थानिक वेळेतून त्या जागेचा फरक चिन्हासकट वजा करायचा, की यूटीसी मिळते. उत्तर शून्याखाली गेलं तर २४ मिळवून तारीख एक मागे. मग दुसऱ्या जागेचा फरक मिळवायचा. २४ किंवा त्याहून जास्त झालं तर २४ वजा करून तारीख एक पुढे, शून्याखाली गेलं तर पुन्हा मागे. समजा न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये १ मार्च, सकाळचे ८. तिथे तेव्हा अधिक १३ चालू असतं. ८ वजा १३ म्हणजे उणे ५, म्हणजे आदल्या दिवशी १९ वाजता यूटीसी. लॉस एंजलिस उणे ८, म्हणजे सकाळचे ११, तारीख २८ फेब्रुवारी. लीप वर्ष असेल तर २९, आणि इथे भलेभले घसरतात. याच जोडीसाठी एक चोरवाट आहे: २१ तासांचा फरक म्हणजे ३ तास उलटे आणि एक दिवस. ३ तासांचं गणित तोंडी येतं, दिवस तेवढा विसरायचा नाही.

हे जमलं असं वाटतं तोवर मार्च उगवतो. अमेरिका डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवणं, सुरू करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी; मधले दोन-तीन आठवडे दोघांतला फरक तासाने बदललेला असतो. शरद ऋतूत पुन्हा एक आठवडा तेच. दक्षिण गोलार्धात सगळं उलटं. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ बेट तर घड्याळ अर्ध्याच तासाने हलवतं. त्यांना विचारायची माझी छाती नाही. लेबनॉनमध्ये २०२३च्या मार्चमध्ये सरकारने बदल ऐन वेळी पुढे ढकलला, काही संस्थांनी ऐकलं नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या.

प्रमाणवेळांच्या संक्षेपांवर तर विश्वास ठेवूच नये. सीएसटी म्हणजे अमेरिकेचा मध्य भाग, चीन किंवा क्यूबा; पहिल्या दोघांतच १४ तासांचं अंतर आहे. आयएसटीवर भारत, इस्राएल आणि आयर्लंड तिघांचा दावा आहे. निमंत्रणात शहराचं नाव आणि तारखेसकट यूटीसी लिहावी, भांडण संपतं.

संगणकाची खोड वेगळी. जन्मतारीख ‘१ मार्च, मध्यरात्र, यूटीसी’ अशी साठवली की न्यूयॉर्कमधला पडदा ती २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७ अशी वाचतो, आणि माणूस फुकटात एक दिवसाने मोठा होतो. जन्मतारखेला वेळ आणि टाइम झोन चिकटवूच नये. ती नुसती तारीख ठेवावी. घडून गेलेली गोष्ट यूटीसीत नोंदवावी. पुढची भेट मात्र स्थानिक वेळ आणि शहराचं नाव अशी लिहावी, कारण मधल्या काळात एखादं सरकार नियम बदलून मोकळं होतं.

विमानाच्या तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे कळूनही वळत नाही. टोकियोहून संध्याकाळी ५ला निघालेलं, १० तासांचं विमान हिवाळ्यात लॉस एंजलिसला त्याच दिवशी सकाळी १०ला उतरतं, निघण्याच्या ७ तास आधी. परतताना सोमवारी रात्री ११ला निघालात आणि १२ तास उडलात, तर टोकियोत बुधवारचे पहाटेचे ४ वाजलेले असतात. तिकिटावर कोपऱ्यात बारीक ‘+२’ असतं. ते न पाहता मंगळवारची खोली घेणारे लोक हॉटेलांना फार आवडत असावेत. मंगळवार विमानातच संपलेला असतो.

मुदतींवर मात्र एक तोडगा निघाला आहे. संशोधन परिषदा निबंधांसाठी ‘पृथ्वीवर कुठेही’ अशी वेळ देतात, म्हणजे यूटीसी उणे १२. मुदत ३१ तारखेची असेल, तर सबंध पृथ्वीवर एकाही ठिकाणी ३१ तारीख उरली नाही, की ती संपली. भारतात ती १ तारखेला संध्याकाळी साडेपाचला संपते. हे घड्याळ लागू आहे प्रशांत महासागरातल्या बेकर आणि हाउलंड या दोन बेटांना, आणि तिथे वस्ती नाही. निबंधवाल्यांपैकी एकही जण तिथे राहत नाही, पण शेवटच्या रात्री सगळे तिथलेच रहिवासी असल्यासारखे वागतात.